घरकुलाचे साहेब

मानोऱ्याकडच्या डोंगरात आमच्या नावाची दोन गावं आहेत. वर आमचं खुर्द, खाली दोन किलोमीटरवर बुद्रुक. आडनावंही दोन्हीकडं तीच. त्या दिवशी घरकुलाच्या पाहणीला साहेब येणार होते, म्हणून आईनं सकाळीच फ्रिज गोधडीखाली झाकला, गाडी शेजारच्या गोठ्यात लोटली आणि मला फाटका गाऊन घालायला लावला. मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते.

दहाच्या सुमारास जीप आली. चार माणसं उतरली. त्यांतला एक तरुण, गॉगल लावलेला.

आईनं त्यांना आधी गळकं छप्पर दाखवलं.

"पोरगी किती शिकली?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"कायची शिकते साहेब? आमच्यापाशी हाये काय?"

"सैपाक येते?"

"घरात दाणा असन त करीन ना!"

ते एकमेकांकडं बघू लागले. आईला वाटलं, जमतंय. तिनं मला तडा गेलेल्या भिंतीपाशी उभं केलं. "काढा, फोटो काढा." गॉगलवाल्यानं घाबरत एक काढला.

शेवटी म्हातारा म्हणाला, "बाई, तुमी पोरगी देऊन राह्यल्या का हाकलून राह्यल्या?"

"म्हंजे? तुमी घरकुलाचे साहेब नाई?"

"आमी पोरगी पाह्यले आलो! मोबाईलनं हेच गाव दाखवलं."

मी आत पळाले. बाबांनी लगेच बुद्रुकच्या आमच्याच आडनावाच्या घरी फोन लावला. तिथं खरे साहेब शेजाऱ्याकडून आणलेल्या सोफ्यावर बसले होते. पोहे खाऊन झाले होते, साडी नेसलेली मुलगी चहाचा ट्रे घेऊन समोर उभी होती. साहेबांनी "फ्रिज आहे?" विचारलं, तर मुलीचे वडील छाती काढून म्हणाले होते, "हाये ना, दोन दाराचा! गाडी बी हाये!" साहेबांनी सगळं लिहून घेतलं होतं.

पाहुणे खाली गेले, साहेब वर आले. तोवर आईचं बोलण्यातलं बळ संपलं होतं. त्यांनी छप्पर पाहिलं, आणि गोधडी उचलून फ्रिजही.

बुद्रुकच्या मुलीचं लग्न तिथंच जमलं. घरकुलाचा अर्ज त्यांचाही होता; अडकलं दोन्ही घरांचं. सोफा, फ्रिज, गाडी सगळं शेजाऱ्याचं आहे हे पटवायला तिच्या वडिलांना पंचायत समितीत बरेच खेटे घालावे लागले. आमच्या आईला मात्र घरकुलाचं एवढं वाईट वाटलं नाही. भाकरी थापता थापता ती मधेच थांबायची.

"पोरगं चांगलं होतं व," म्हणायची. "तू जराशी हासली काहून नाई?"