बँकॉकच्या काउंटरवर भांडलेली मुलगी

आधीच सांगते, मला असल्या गोष्टी आवडत नाहीत. मासिकाच्या या सदरात कुणाच्या आत्याला विहिरीपाशी बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोणीतरी बसलेलं असतं… मी ती पानं उलटून सरळ पाककृतींकडे जाते. मुंबईत नन्सच्या शाळेत शिकले, तिथे भुताची गोष्ट सांगणारीला वर्गाबाहेर उभं करायचे आणि मला ते योग्यच वाटायचं. अजूनही माझा विश्वास बसलाय असं म्हणवत नाही. तरी लिहितेय, कारण गेल्या हिवाळ्यात जे झालं त्याचा मला राग येतो. भीती नाही — राग.

मी न्यू जर्सीत, आयसेलिनला, एका ट्रॅव्हल एजन्सीत काम करते. ओक ट्री रोडवर साडीच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. समोरासमोर दोन टेबलं, टाइप केलेला निरोप परदेशी पाठवणारं एक टेलेक्स मशीन, आणि मनात आलं तरच चालणारा हीटर. म्हणून थंडीत मी आईनं विणलेला जाड मरून स्वेटर घालूनच बसते. मालक माझ्या दादाच्या ओळखीचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सर वगैरे नको गं, काका म्हण. घरचंच आहे सगळं." तेव्हा बरं वाटलं. नंतर कळलं की साहेबाला एखादे वेळी उलट बोलता येतं, काकांना नाही.

भारतात जाणारे आमचे बरेच लोक वाटेत बँकॉकला थांबतात आणि तिथली हॉटेलं माझ्या गळ्यात पडतात. ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना कल्पना येणार नाही. टेलेक्स पाठवला की उत्तर येतं, 'नोटेड विथ थँक्स'. याचा अर्थ खोली मिळाली असा नसतो. तुमचा टेलेक्स कोणीतरी वाचला, एवढाच असतो. दोन खाटा मागितल्या की एक मोठा पलंग मिळतो. एकाच नावाची दोन हॉटेलं शहराच्या दोन टोकांना असतात आणि दोघंही म्हणतात, हो, आम्हीच ते. तिथे माणसाला पहिल्या नावानं ओळखतात, त्यामुळे आडनावानं चौकशी केली की तुमचा पाहुणा त्यांच्या लेखी जन्मलेलाच नसतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे विमानं. ती मध्यरात्र उलटल्यावर उतरतात. तिकिटावर मंगळवार असतो, पण खोली सोमवारच्या रात्रीची घ्यावी लागते, नाहीतर माणूस सकाळपर्यंत लॉबीत बसून. हे मी नोकरीच्या सुरुवातीलाच शिकले. काका इतक्या वर्षांत शिकले नव्हते.

रामटेके मावशी इथल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत, मूळ नागपूरच्या. त्यांची आई इथे राहून परत चालली होती. जाताना वाटेत थायलंड बघायचं, हा आजींचा एकच हट्ट. मावशींना रजा मिळत नव्हती. मुंबईहून नातू येणार होता, पण तो सकाळी पोचणार. म्हणजे पहिली रात्र आजी एकट्या. सत्तरी ओलांडलेली, मराठीशिवाय एक शब्द न येणारी बाई, अनोळखी शहरात, मध्यरात्री. विमानतळावर हॉटेलची गाडी आणि उघडी खोली, या दोन गोष्टी चुकून चालणारच नव्हत्या.

मावशी आजींना घेऊन ऑफिसात आल्या होत्या.

"जय भीम, पोरी," म्हणत आजी माझ्यासमोर बसल्या. "गल्लोगल्ली आपला बुद्ध असलेला देश मले एकदा डोयानं पाहू दे. मंग मी मोकळी."

मी हसले. मान हलवली. त्या माझा चष्मा, स्वेटर निरखत राहिल्या.

"हे बोलत नाही काय वो?" त्यांनी लेकीला विचारलं.

"बोलते, पण वर्षातून एकदा," काका मोठ्यानं म्हणाले. "आमचं मुकं लेकरू आहे ते!"

सगळे हसले. मीही हसले. अशा वेळी हसायचं असतं.

बुकिंग काकांनी स्वतः केलं, ओळखीचं गिऱ्हाईक म्हणून. आणि तारीख तिकिटावरची टाकली.

"काका, खोली आदल्या रात्रीची लागेल ना?" मी विचारलं.

"अगं, हॉटेलवाले सांभाळून घेतात. तू नको डोकं लावूस."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवण केली. तेव्हा त्यांनी मान वर न करता नुसता हात हलवला, माशी वारावी तसा.

आजी निघाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुमाराला, टेलेक्स खडखडला. पाहुण्यांची खोली उद्या दुपारपासून. आज हॉटेल भरलेलं, क्षमस्व. गाडीचं नावच नाही. इथली दुपार म्हणजे तिथली मध्यरात्र. आजी एव्हाना बँकॉकला उतरल्या होत्या.

काकांनी कागद वाचला, मावशींना हॉस्पिटलात फोन लावला, आणि माझ्यादेखतच म्हणाले, "ताई, जरा घोळ झालाय. आमची ही मुलगी नवीन आहे हो, तारखेत गोंधळ केला तिनं. काळजी करू नका, बघतो मी."

मग त्यांनी डबा उघडला.

मी रिसीव्हर उचलला. बँकॉकचा नंबर फिरवला. बऱ्याच वेळानं लागला. कोणी पुरुष होता. "वन मोमेंट प्लीज, मॅडम," म्हणाला, आणि कानात खेळण्यातल्या पियानोसारखं संगीत सुरू झालं.

मी रिसीव्हर धरून बसून राहिले. मला काही झालं, भोवळ आली, असं मुळीच नाही. सगळं नीट आठवतं. खाली पार्किंगमध्ये कोणीतरी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतं. समोर काका पोळीचा तुकडा मोडून भाजीत बुडवत होते. मी ओठ उघडले नाहीत. डोक्यात मात्र बोलत होते… आयुष्यात कोणाशी बोलले नाही असं, सलग, न थांबता. त्या गार ऑफिसात माझी पाठ घामानं भिजली.

मग लाइन तुटली.

"काय म्हणाले?" काकांनी विचारलं.

मी तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. घसा ठार बसला होता. सकाळी मी ठणठणीत होते.

परत नंबर फिरवणार, तेवढ्यात फोन वाजला. मावशी रडत होत्या. "मिळाली गं खोली! टॅक्सीवाल्याला पत्त्याचा कागद दाखवून आई पोचली, हॉटेलातूनच फोन केला. तू पाठवलंस ना कोणाला? तुझे फार उपकार—" काकांनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. "म्हटलं होतं ना ताई, बघतो म्हणून!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलचा मॅनेजर लाइनवर आला. अगदी सभ्य माणूस. इंग्रजीत म्हणाला, तुमच्या ऑफिसच्या बाई स्वतः काउंटरवर आल्या, म्हणून राखीव ठेवलेली खोली दिली. पण कृपा करून त्यांना सांगा, इंग्रजीत बोला. आणि काउंटरवर हात आपटू नका.

"कोण बाई?" माझा आवाज जेमतेम फुटला होता.

"तरुण होत्या, मॅडम. चष्मा. आणि… खूप गरम कपडे."

मी काकांना सांगितलं. ते पोट धरून हसले. "तू? भांडलीस? असेल कोणीतरी मराठी टुरिस्ट. विमानातून उतरली असेल, स्वेटर तसाच अंगावर. आजींची दया आली असेल." शक्य आहे. मलाही तेच हवं होतं.

पुढच्या रविवारी मावशींनी मला घरी बोलावलं आणि नागपूरला फोन लावून दिला.

"आजी, मी ऑफिसातली—"

"वळखलं नं! त्या राती त लय मोठा आवाज होता तुहा. आता काऊन एवढं बारीक बोलतं?"

"आजी, मी तर इथेच होते. अमेरिकेत."

"मंग थे कोण होतं वो? तोच चष्मा, तोच लाल स्वेटर. तेवढ्या गरमीत! म्या म्हटलं, पोरगी माह्या आधी कशी पोचली. आन काय भांडली बाई तू! मले त भेवच वाटला."

"काय… काय म्हणत होते मी?"

"त्या थाई माणसाले काका म्हणे!" आजी फोनवर खदखदून हसल्या. "'काका, मी तुम्हाला सांगितलं होतं. चूक तुमची आहे. माझं नाव पुढे करू नका.' तेच तेच. तो बिचारा हात जोडून उभा. मंग चावी देल्ली त्यानं मले. मागं वळून पायतो त तू नाही. जेवली तरी होती का नाही तू?"

मी फोन मावशींच्या हातात दिला.

ती वाक्यं माझी होती. संगीत ऐकत बसले होते तेव्हाची. मी ती कोणालाही सांगितली नव्हती, कुठे लिहिली नव्हती, ओठांवरही आणली नव्हती. मी थायलंडला कधीच गेले नाही. त्या दुपारी मी खुर्चीतून उठले नाही, याला साक्षीदार एकच — समोर बसून जेवणारे काका.

दादा म्हणतो, ताणामुळे होतं असं. ताणामुळे माझं डोकं दुखेल, दुसऱ्या देशातल्या मॅनेजरला मी कशी दिसेन? मावशी म्हणतात, आईचं पुण्य. आजींना तर काही विचित्र वाटतच नाही. मी कारण शोधून दमले.

राग मात्र आहे. ज्यानं काही केलं नव्हतं त्या परक्या माणसाला एवढं ऐकावं लागलं. आणि काका आता ही गोष्ट गिऱ्हाइकांना रंगवून सांगतात, आमच्या एजन्सीची सर्व्हिस बघा म्हणून. सुरुवात दर वेळी तीच असते: "ही तेव्हा नवीन होती, तारीख चुकली हिची…" मी समोर बसून ऐकते.

काका हे मासिक घेतात. येणाऱ्या लोकांना चाळायला ऑफिसात ठेवतात. हा अंकही येईल, आणि टपाल मीच उघडते. हे पान उघडं करून तो त्यांच्या डब्याशेजारी ठेवणार आहे.