साडूभाऊंचं गंजाशी वैर

माणसाला शत्रू सहा असतात, हे माझ्या थोरल्या साडूंना मान्य नाही. काम, क्रोध, लोभ वगैरे मंडळी त्यांच्या मते कंत्राटी कामगार. आज आहेत, उद्या नाहीत. नोकरीत कायम झालेला शत्रू एकच, आणि तो म्हणजे गंज. या वैराची सुरुवात लहानपणीच झाली असावी. त्यांचं गाव गुहागरकडे, समुद्राला अगदी चिकटून. तिथल्या खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज खाल्ले, विहिरीची कप्पी खाल्ली, वडिलांची सायकल खाल्ली, एवढंच काय, शाळेत घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडासुद्धा सोलपटं निघून निम्मा झाला. पुढे ते पोटापाण्यासाठी घाट चढून आले आणि चाकणला मोटारींच्या एका कारखान्यात पेंट शॉपला लागले. नव्या गाडीचा उघडा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवायचा, बाहेर काढून वाळवायचा आणि मग त्याची भोकं रबरी बुचांनी बंद करायची, यात त्यांचं आयुष्य गेलं. वैऱ्याविरुद्ध लढायला पगार मिळतो, यापेक्षा भाग्य ते काय, असं ते म्हणत. आम्ही रावेतला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला आलेली माणसं हॉल बघून 'वा वा' म्हणत होती. साडूभाऊ तडक बाल्कनीत गेले, ग्रिलच्या वेल्डिंगवरून अंगठा फिरवला आणि आत येऊन भरल्या पंगतीत शांतपणे म्हणाले, "फार तर दोन पावसाळे." गुरुजींचा मंत्रसुद्धा जरासा अडखळला.

त्यांच्याकडे एक जुनी पिकअप होती. म्हणजे पुढे दोघांची केबिन आणि मागे सामानाचा हौदा अशी गाडी. कधीकाळी जोडधंदा म्हणून घेतली, पण धंदा काही झाला नाही. तिचा मूळ रंग पांढरा होता असं जुने लोक सांगत. एक आरसा दोरीने बांधलेला, सीटमधून स्प्रिंग वर आलेली, त्यामुळे शेजारी बसणाऱ्याने जरा तिरकं बसायचं असा रिवाज. याचं साडूभाऊंना सोयरसुतक नव्हतं. त्यांचा जीव गुंतला होता तो गाडीच्या चेसीत, म्हणजे ज्या दोन लांब, पोकळ लोखंडी तुळयांवर सगळी गाडी उभी असते त्या सांगाड्यात. "कातडीला सुरकुत्या पडणारच हो, कणा ताठ पाहिजे," असं म्हणून ते दर रविवारी थेरगावच्या त्यांच्या गल्लीत गोणपाट अंथरायचे आणि गाडीखाली शिरायचे. आधी पाण्याच्या फवाऱ्याने चेसी धुवायची, मग तारेच्या ब्रशने घासायची, मग रेड ऑक्साइड, मग काळं कोटिंग, आणि वरून जळक्या ऑइलचा हात. समोरच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी गाडीखालून बाहेर आलेले दोन निश्चल पाय पाहिले आणि अख्खी गल्ली गोळा केली. साडूभाऊंनी आतूनच सांगितलं, "मी जिवंत आहे. तो पुसायचा बोळा पायाशी पडलाय, तेवढा इकडे सरकवा." गाडीखाली झोपणारं गल्लीतलं पांढरं कुत्रं पाठीवर ऑइल गळून गळून असं काही चितारलं गेलं, की एका माणसाने त्याची जात विचारून पिल्लू मिळेल का म्हणून चौकशी केली.

आमच्या सगळ्या गोतावळ्याची घरं त्या पिकअपमधूनच हलली, पण हलली ती उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात. पावसाळ्यात पिकअप ताडपत्रीखाली चातुर्मास पाळायची. रस्त्यावरचं डबकं म्हणजे साडूभाऊंना सापाचं बीळ वाटे. माझ्या मेहुण्याला भर आषाढात मोशीला घर बदलावं लागलं, तेव्हा त्याचा फ्रिज भाड्याच्या टेम्पोतून गेला आणि साडूभाऊ रेनकोट घालून स्कूटरवर मागोमाग गेले. फ्रिजची काळजी म्हणून नव्हे. टेम्पोची चेसी खालून कशी दिसते ते प्रत्येक सिग्नलला वाकून पाहत गेले आणि परत येऊन दोन दिवस हळहळले. दसऱ्याला सगळे आपापल्या गाडीपुढे नारळ फोडतात. यांच्याकडे नारळ चार हात लांब, पायरीवर फुटायचा, कारण नारळाच्या पाण्यात क्षार असतात. हळदीकुंकू लावायचं, पण बॉनेटवर आधी चिकटपट्टी मारून तिच्यावर. ताईंनी एकदा विचारलं, "अहो, देवाला हे चालतं का?" तर म्हणाले, "देवाला भाव लागतो. लोखंडाला कोरडेपणा लागतो."

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूभाऊंची सौभाग्यवती. या बाईची आयुष्यात एकच मागणी होती. नवरा निवृत्त झाला की गावी जाऊन राहायचं. गावचं कौलारू घर बंद पडलेलं, पण उभं होतं. मागे रातांब्याची झाडं, पुढे अंगण, अंगणाच्या खाली समुद्र. साडूभाऊंनी तसा शब्दही दिला होता. पण निवृत्त होऊन बरेच दिवस झाले तरी हलायचं नाव नाही. विषय निघाला की यांचं एकच पालुपद, "जाऊ की. पण गाडीचं काय करायचं? तिकडच्या वाऱ्यात तिची चाळणी होईल." ताई म्हणत, विकून टाका. त्यावर ते चहा अर्धा टाकून उठायचे. "भावोजी, माझ्या गुडघ्यांना काय होतंय ते यांनी कधी विचारलं नाही," ताई एकदा माझ्यापाशी म्हणाल्या, "पण त्या मेलीला दर रविवारी तेल." मी हसलो, त्या हसल्या नाहीत. तेव्हा कुठे मला कळलं की ही थट्टेची बाब राहिलेली नाही. ताईंचे जिने चढण्याचे दिवस संपत आले होते आणि त्यांना अंगणात बसायचं होतं. आणि साडूभाऊंचं काय, तर मला वाटतं, त्यांना गाडीची भीती नव्हतीच. जिथे सगळं झडत गेलेलं पाहिलं, त्या जागी म्हातारं होऊन परत जायची त्यांना भीती वाटत होती. पण हे बोलून दाखवण्याइतका मी शूर नाही. शिवाय ते मला घाटावरचा समजत, म्हणजे गंजाच्या बाबतीत निरक्षर.

अशातच एका उन्हाळ्यात त्यांनी आपल्या कारकिर्दीतला सर्वोच्च पराक्रम केला. पिकअपच्या चेसीला ठिकठिकाणी भोकं होती. कारखान्यात जशी बुचं मारत तशीच रबरी बुचं बाजारातून आणून त्यांनी एकूणएक भोक बंद केलं आणि वरून कोटिंगचे हात दिले. मला मुद्दाम बोलावून गाडीखाली झोपवलं. "बघा, आता मुंगीसुद्धा आत जायची नाही." मी आडवा पडून 'वा' म्हणालो. डोळ्यात ऑइलचा थेंब पडल्यामुळे डोळे पाणावले होते, त्याचा त्यांनी वेगळाच अर्थ घेतला आणि ते खूश झाले.

त्यानंतर काही वर्षांनी गाडीचं पासिंग आलं. त्याआधी एकदा नजर मारून घ्यावी म्हणून तळवड्याच्या एका गॅरेजमध्ये आम्ही दोघं गेलो. वाटेत ते मला सांगत होते, की आता आरटीओचा माणूस चेसी बघून आपल्या सहकाऱ्यांना बोलावणार. मिस्त्रीने चाक काढायला चेसीखाली जॅक लावला आणि दांडा मारायला सुरुवात केली. जॅक वर जायला लागला. गाडी मात्र जागेवरच. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग काहीतरी करकरलं, काळ्या कोटिंगचा पापुद्रा फाटला आणि जॅकचं डोकं आरामात चेसीच्या आत गेलं. मिस्त्रीने हात थांबवला. साडूभाऊ गाडीखाली शिरले. स्क्रूड्रायव्हरने त्यांनी एक बूच उपसलं, तसं आतून लालभडक पाणी बाहेर आलं. दुसरं उपसलं, तिथूनही आलं.

"काका, ही भोकं पाणी जायला ठेवलेली असतात," मिस्त्री म्हणाला. "बुचं कोणी मारली?"

"मी," साडूभाऊ म्हणाले.

बाहेर येऊन ते टायरवर बसले. चहा आला, तो हातात धरून ठेवला. मग मला म्हणाले, "कंपनीत आम्ही आधी वाळवायचो हो, भट्टीत. मग बुचं मारायचो. मी इथे धुवत राहिलो आणि बुचं तशीच ठेवली." म्हणजे दर रविवारचं ते पाणी कुठल्या तरी सांध्यातून आत जात होतं आणि बाहेर यायची वाट त्यांनी स्वतःच्या हाताने, मोठ्या प्रेमाने बंद केली होती. थेरगावच्या कोरड्या हवेत, समुद्रापासून एवढ्या लांब, पिकअप आतून कुजली होती. एरवी मी यावर आठवडाभर पुरेल इतका हसलो असतो. त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना.

मिस्त्री भला होता. कुजलेला भाग कापून नवीन लोखंड वेल्ड करून देतो, पासिंग होईल, काही वर्षं चालेल, म्हणाला. पण जुनी गाडी आहे, कायमची धरून चालू नका. आम्ही रिक्षाने थेरगावला आलो. मला वाटलं होतं ताई आता जन्माचं उट्टं काढणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. साडूभाऊ पाणी प्यायले, पाठमोरे होऊन खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, "ती धड आहे तोवर सामान नेता येईल. तुझं काय काय न्यायचं ते काढून ठेव. जाऊन येऊ."

"जाऊन येऊ?" ताईंनी विचारलं.

साडूभाऊ खिडकीतून खाली बघत राहिले. पिकअपची जागा मोकळी होती आणि कुत्रं तिथे उन्हातच झोपलं होतं.

"जाऊ," ते म्हणाले.

ताई स्वयंपाकघरात गेल्या. आतून भांडी काढून ठेवल्याचा आवाज यायला लागला.

ती दोघं गावी राहायला गेली, त्याला आता दोन उन्हाळे झाले. परवाच्या मे महिन्यात आम्ही गावी जाऊन आलो. अंगणात पिकअप उभी होती, आणि तिच्या हौद्यात ताईंनी आमसुलं वाळत घातली होती. समुद्रावरून वारा येत होता. दाराच्या बिजागरीतून तांबडा ओघळ पार खालपर्यंत उतरला होता. ताईंचे गुडघे काही बरे झालेले नाहीत, पण त्या अंगणात बसून असतात आणि आल्यागेल्याला बसल्या जागेवरून हाका मारतात. मी न राहवून गाडीखाली वाकलो. नव्या लोखंडालाही पोपडे धरले होते. साडूभाऊंना म्हटलं, निदान एक हात तरी मारा.

"मारू की," ते म्हणाले. "हिची आमसुलं वाळू देत. आत्ता ऑइल मारलं तर वास लागेल."

आमसुलांवर पुटं चढवायची म्हणजे पुन्हा पुन्हा रस लावून वाळवायची, ते काम पाऊस येईपर्यंत चालतं, हे मला घाटावरच्यालाही ठाऊक आहे. थेरगावच्या गल्लीतला तो ब्रशचा खरखर आवाज मला अजून रविवारी आठवतो, आणि खरं सांगायचं तर फार चुकल्यासारखं होतं. तेवढ्यात ताईंनी जेवायला हाक मारली. साडूभाऊ उठले. उठताना आधाराला त्यांनी गाडीच्या कडेला हात टेकला, हाताला गंज लागला, तो त्यांनी लेंग्याला पुसला आणि ते जेवायला आत गेले.