अपग्रेड केलं अन् काकूंचा कॉम्प्युटर मुका झाला

मंडळी, डोणगावच्या आमच्या काकूंना दिसत नाही. रोजचा पेपर त्यांना कॉम्प्युटरच मराठीत वाचून दाखवायचा.

आज सकाळी मी हौसेनं त्यातली लिनक्स ही सिस्टीम अपग्रेड केली अन् डिपेंडन्सी तुटली. म्हणजे पेपर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला जुनी लायब्ररी फाईल लागते, नवी सिस्टीम ती घेत नाही. जबरदस्तीनं टाकली, तर होता तो साउंडही गेला. दिवसभर डोकं फोडलं. परत जुनी सिस्टीम टाकावी, तर तिच्या फायली जिथून मिळायच्या, तो सर्व्हरच बंद झालाय.

काकूंनी विचारलं, "मंग तू येशीन काय रोज पेपर वाचाले?"

"हाव, काकू."

"कॉम्प्युटर कधी हाव म्हने नाही," काकू म्हणाल्या. "तो वाचे."

कोणाकडे जुन्या सिस्टीमच्या त्या फायली असतील तर लवकर पाठवा. मी उद्या जाईन, याची मलाच खात्री नाही.