पाठीवर लिहिलेला निळा

रंगकाका, नमस्कार. तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, हे पत्र पोचायचं नाही, तेवढं मला कळतं. तरी एकदाचं लिहून टाकते. तो ‘निळा’ माझा होता.

एवढं लिहून तिने पेन खाली ठेवलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही पुढचं लिहायची लाज वाटत होती.

ती नोकरीला होती त्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत काका काळ्या-पांढऱ्या फोटोंना हाताने रंग देत. काडीला कापूस गुंडाळायचा, रंगात बुडवायचा, गालावर टेकवून लगेच पुसायचा. ‘खरी कला पुसण्यात आहे, बाईसाहेब. भरायला काय, कोणीही भरतं.’ फोटोतलं माणूस त्यांनी पाहिलेलं नसे. म्हणून डोळ्यांचे, कपड्यांचे रंग गिऱ्हाइकाला विचारून फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचं काम तिचं. नुसतं ‘पिवळा’ लिहिलं की फोटो परत येई. ‘लिंबाचा की झेंडूचा? बी.ए. झालात, एवढं विचारता येत नाही?’

एका दुपारी एक बाई वारलेल्या मुलीचा फोटो घेऊन आली आणि बोलता बोलता रडायला लागली. मैत्रीण सिनेमासाठी दारात ताटकळत होती. रडणाऱ्या बाईला कुठे विचारत बसायचं, म्हणून तिने मनानेच लिहून टाकलं : फ्रॉक निळा.

आठवड्याने बाई रंगवलेला फोटो बघून म्हणाली, ‘फ्रॉक पिवळा होता हो.’

स्टुडिओचे मालक काकांवर घसरले. ‘डोळे गेले का तुमचे?’

काकांनी फोटो उलटा करून अक्षर वाचलं, तिच्याकडे पाहिलं. ‘वय झालं, मालक.’

ती पावती फाडायला लागली. बाई तोच फोटो घेऊन गेली. रंगीत फिल्म बाजारात आलेलीच होती, मालकांना निमित्तच हवं होतं. काका घरी बसले.

दोन वर्षांनी बाईच्या शेजाऱ्याने कॅमेऱ्यात राहून गेलेला जुना रंगीत रोल धुवायला आणला. अंगणात तीच मुलगी, लिंबासारख्या पिवळ्या फ्रॉकमध्ये. एक प्रत घेऊन तिने बाईचं घर गाठलं.

बाईने फोटो पाहून मान हलवली. ‘या रंगीत फोटोंचं काही खरं नाही ग. तिचा निळा होता. तो बघ भिंतीवर.’

आपल्या पेन्सिलीने त्या आईच्या डोळ्यांतलासुद्धा फ्रॉक बदलला होता. तरी नुसतं ‘बरं’ म्हणून उठली ती थेट काकांकडे गेली.

काकांनी प्रत उजेडात धरली. ‘तो भिंतीवरचा मागून आणा. निळा पुसून पिवळा करून देतो, अजून येतं मला. त्यांना सांगा, म्हाताऱ्याची चूक झाली.’

‘तसं कसं सांगू, काका?’

‘मग खरं सांगा. पण फोटो आणा.’

‘उद्या आणते,’ ती म्हणाली.

काका त्यानंतर अकरा वर्षं जगले. बाईचं घर स्टुडिओपासून चालत दहा मिनिटांवर होतं. ती गेली नाही.