लाल टिकलीची सहा यकृतं

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत माझं काम ठरलेलं आहे. उंदरांच्या अवयवांचे मेणात बसवलेले तुकडे घ्यायचे, यंत्रावर त्यांचे पातळ पापुद्रे काढायचे, काचपट्टीवर चढवून रंगवायचे. प्रत्येक पट्टी यादीत. यादी सकाळी एकदा आणि निघताना एकदा तपासायची. घरी लालबागला वाणसामानाचीही अशीच यादी असते. नवरा हसतो, पण आमच्याकडे मीठ कधी संपत नाही.

गेल्या वर्षी शीवहून येणाऱ्या पीएचडीच्या एका मुलीची यकृतं माझ्याकडे आली. लाल टिकली म्हणजे यकृत नासवणारं रसायन दिलेला उंदीर, हिरवी म्हणजे नुसतं तेल दिलेला. पहिल्या लाल पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली अपेक्षेप्रमाणेच दिसल्या. शिरेभोवतीच्या पेशी मेलेल्या, बाकीच्यांत चरबीची भोकंच भोकं, थेट अनारशाची जाळी.

पुढच्या सहा लाल पट्ट्या पाहिल्या आणि मी यादी पुन्हा उघडली. भोकं अगदी थोडी. पेशी शिरेपासून रांगेने निघालेल्या, जवळजवळ निरोगी. म्हणजे लाल-हिरव्या तुकड्यांची अदलाबदल झाली होती, आणि ती माझ्याच हातून. तसं असेल तर त्या मुलीची अडीच वर्षं कचऱ्यात. प्रबंध महिन्याभरात द्यायचा होता.

"बाई, तुमची यादी चुकली?" आमचे शिपाईमामा म्हणाले. "मग उद्या सूर्य पश्चिमेक उगवतलो."

मी मेणाचे सगळे ठोकळे बाहेर काढले, नंबर जुळवले. सहाही नव्याने कापले, रंगवले. पुन्हा तेच.

मुलीला बोलावून सांगितलं. ती स्टुलावर बसली. "ताई, चूक झाली असेल तर आत्ताच सांगा. मी एकदाचं रडून घेते."

"यादीत सापडत नाही. पण यकृत खोटं बोलत नाही ना."

मग तिच्या मार्गदर्शक मॅडम आल्या. त्यांनी कपाटातलं बंद पाकीट फोडलं, नंबर वाचले आणि हसल्या. त्या सहा उंदरांना रसायनाबरोबर मेलाटोनिनही दिलं होतं. "तुम्हा दोघींना मुद्दामच सांगितलं नव्हतं. हिलाही नुसत्या नंबराच्या बाटल्या दिल्या होत्या. सांगितलं असतं तर डोळे तेच शोधत बसले असते."

मेलाटोनिन म्हणजे झोपेचं संप्रेरक, एवढंच मला ठाऊक होतं. अंधार पडला की आपल्याच डोक्यातली तांदळाच्या दाण्याएवढी ग्रंथी ते बनवते. त्याने विषाच्या तोंडातून यकृत असं ओढून काढावं? यादीत त्यासाठी रकाना नव्हता. मी परत डोळा लावला. इतकी वर्षं पट्ट्या बघते, पण त्या दिवशी पेशींच्या त्या रांगांपुढून मला हलवेना.

मुलगी रडलीच, पण हसत.

"मगे ही गोळी घेतली की दारू चलात?" मामांनी विचारलं.

"अजिबात नाही, मामा," ती डोळे पुसत म्हणाली. "हे उंदरांत झालं. माणसांचं अजून कुणी सांगू शकत नाही."

मामांनाही बघायचं होतं. मी स्टूल दिलं. ते बराच वेळ वाकून राहिले.

"ह्या सगळा आपल्या पोटात आसा?"

"उंदराच्या, मामा."

"उंदराच्या तर उंदराच्या," ते म्हणाले, आणि डोळा काही काढेनात.