उमसुनाय-आपाचा निळा झगा

आमच्या गल्लीतल्या उमसुनाय-आपाचा एकही झगा आता धड नाही. एकाचा घेर कापलेला, तर एकाची बाही गायब. नवखा माणूस हळहळतो, म्हातारीला कुणी विचारत नाही वाटतं! विचारतात हो, फार विचारतात. आमच्या नारीनच्या डोंगरात मूल जन्मलं, की त्याचं पहिलं अंगडं पुष्कळ जगलेल्या माणसाच्या वापरलेल्या कपड्यातून शिवतात. तेवढंच आयुष्य बाळाला लाभावं म्हणून. आपा चौऱ्याऐंशीची आहे.

पण पाच वर्षांपूर्वीपर्यंत तिच्याकडे चिंधीसुद्धा कुणी मागितली नव्हती. तिची दोन्ही मुलं पाळण्यातच गेली, पुढे नवराही गेला. अशा बाईचं कापड कोण घेणार? लग्नाला बोलवायचे, मानाच्या जागी बसवायचे, मटणाचा चांगला तुकडा पुढे करायचे. बाळंतिणीचा विषय निघाला की मात्र सगळ्या बायका मुक्या. मीही त्यातलीच. तीस वर्षं दवाखान्यात नर्स होते, तरी कधी तोंड उघडलं नाही, याची अजून लाज वाटते.

"चूल पेटवते ती मलाच चहा पाजायला," ती एकदा म्हणाली. "मी असले काय, नसले काय, कुणाचं काय अडतंय गं?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

मग आपाच्या शेजारच्या बातीनाने घोळ घातला. तिची सून आयपेरी पार ओश शहराकडची, गावात नवी. दिवस भरत आले तशी बातीना तिला म्हणाली, "जा, गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडून जुनं कापड आण." तिच्या मनात होती टोकाच्या घरातली नऊ पोरांची आई. सुनेने सरळ वयं मोजली आणि आपाचं दार वाजवलं.

"चुकली नाहीस ना, पोरी?" आपाने विचारलं.

"चुकेन कशी? तुमच्याहून म्हातारं आहे का इथे कुणी?"

आपा खूप दिवसांनी हसली. रोजच्या वापरातला, धुऊन धुऊन मऊ झालेला निळा झगा तिने पाठीतून कापला. शिवण बाळाला टोचू नये म्हणून ती बाहेरच्या बाजूला ठेवून अंगडं स्वतःच शिवलं. त्या आठवड्यात ती मला रस्त्यात भेटली, तर चक्क गुणगुणत होती.

बाळ तीन आठवडे आधी आलं. दोन किलोचं, दूध ओढायलाही ताकद नाही. नवव्या दिवशी मी त्याचं वजन करायला गेले होते, तेव्हा सुनेच्या बोलण्यातून बातीनाला कळलं कापड कुणाचं ते.

"अगं बये, काय करून बसलीस! जिला स्वतःची जगवता आली नाहीत तिचं कापड? काढ आधी ते!"

आवाज कुंपणापलीकडे गेलाच. थोड्या वेळाने आपा स्वतः उंबऱ्यात येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"काढ गं, पोरी. तुझी सासू बरोबर बोलतेय. मीच नाही म्हणायला हवं होतं. पण लोभ सुटला मला. पहिल्यांदाच कुणीतरी काही मागायला आलं होतं."

मला तिच्याकडे बघवेना.

आयपेरीने बाळाला छातीशी धरलं. "आपा, तुमची मुलं केवढी होती?"

"थोरला चार महिन्यांचा. धाकटी एकोणीस दिवसांची."

"मग त्यांची उरलेली वर्षं कुठे गेली? तुमच्याकडेच पडून असतील ना? त्यातली थोडी याला द्या."

आपा बूट न काढताच आत आली, बाळाजवळ बसली आणि त्याचं पाऊल तिने मुठीत घेतलं.

"थोडी कशाला?" ती म्हणाली. "तेमीरची घे, सायराची घे. सगळी घे."

इतकी वर्षं शेजारी राहून ती दोन नावं मी पहिल्यांदा ऐकली. बातीना रडत रडत चहा ठेवायला गेली.

अंगडं रीतीप्रमाणे चाळीस दिवस बाळाच्या अंगावर राहिलं. परवा त्याच पोराने चेंडू मारून माझ्या खिडकीची काच फोडली. मी कान धरायला गेले, तर आपा काठी टेकत मध्ये आली.

"ओरडतेस काय त्याच्यावर? तीन पोरांचं जगणं एकट्याने जगतोय, दंगा होणारच!"