मालकाच्या डोक्यावरला ढग

चुडाव्याला आमच्या घराम्होरं उघडं रान हाय, तिथून दक्षिणंचं सगळं आभाळ दिसतं. मालक आन् सासूबाई मेंढरं घेऊन तिकडंच राणीसावरगावच्या माळाला मुक्कामाला गेलेले. लेकरू अंगावर पितंय म्हणून मला घरी ठेवलं. दिवसभर ऊन, लेकरू आन् मी.

दुपार कलली की त्या बाजूला ढग उठायचा. आधी कापसाच्या बोंडावानी, मंग फुगत फुगत वर, आन् एका जागी अडकल्यावानी चपटा व्हायचा, आडवा पसरायचा. आठवीला आमच्या बाईंनी फळ्यावर हवेचे थर काढले व्हते. सगळ्यात खाली तपांबर, ढग, पाऊस, कडाडणाऱ्या इजा सगळं त्याच्यातच. त्याच्या वरी स्थितांबर, तिथं ढगाला जाता येत न्हाई म्हणून तेव आडवा पसरतो. वरले थर शिकायच्या आधी माझं लगीन जमलं, शाळा सुटली. पण एवढं ध्यानात ऱ्हायलं, चपट्या डोक्याचा ढग म्हंजी इजेचा.

माझ्या अंगणात ऊन आन् मालकाच्या डोक्यावर तेव ढग. आवाज बी येत न्हाई इतका लांब.

फोन लावला तर बंद. मेंढरं वळणाऱ्या लोकांचं एक हाय, ढग आला की मोबाईल बंद करून पिठाच्या डब्यात घालतेत, त्याच्यावर इज पडती म्हणून. आन् आकडी मात्र हातात उभी. आकडी म्हंजी बाभळीच्या शेंगा पाडायचा लांब बांबू, टोकाला लोखंडी विळा. फोन पिठात आन् लोखंड आभाळात. पाऊस आला की मेंढरं झाडाखाली गोळा व्हतेत, मुंडकी एकमेकात खुपसतेत, हाणलं तरी हालत न्हाईत, मंग मालक बी तिथंच. मागच्या साली एका कळपातली अशीच गोळा झालेली मेंढरं उठलीच न्हाईत.

एके दिवशी ढग लयच मोठा झाला. मी लेकरू काखेत घेऊन फोन लावतेय, बंद, परत लावतेय, बंद. शेजारच्या मावशी कुरडया गोळा करायलत्या.

"ढगात काय बघायलीस गं, नवरा दिसायलाय का?"

"त्याच्याच खाली हायेत वो मावशी. फोन बंद हाय."

"ढग गेला की लागंल की."

"आन् न्हाई लागला तर?"

मावशींनी लेकराला माझ्याकडून घेतलं आन् बाजंवर बसल्या.

ढग फाटून निळं दिसायला लागलं तरी फोन न्हाई. दिवा लावायच्या वक्ताला वाजला.

"काय गं, एवढे फोन? लेकरू बरं हाय ना?"

मागून मेंढरांचा आवाज येत व्हता.

"आकडी कुठंय?" मी इच्यारलं.

"हातात. का?"

"ढग चपटा झाला की ती खाली टाकायची. बाभळीपासून लांब, खोलगट जागंला उकिडवं बसायचं."

"मास्तरीन झालीस का?" ते हासले. "मेंढरं झाडाखाली आन् मी लांब बसू?"

"मेंढरं परत इकत घेता येतेत."

त्यांनी मेंढरांना एक हाळी दिली. मंग म्हन्ले, "चपटा झालाय हे कळणार कसं? आमाला खालून नुस्तं काळं दिसतं."

"मला दिसतंय इथून."

"मंग तूच सांग."

आता ढग उठला तरी फोन चालू ठेवतेत. डोकं पसरायला लागलं की मी लावते. "झाला बघा चपटा." ते "बरं" म्हणतेत, सासूबाईला हाक मारतेत, आकडी टाकल्याचा आवाज मला ऐकू येतो. मंग फोन बंद. सासूबाई पिठाचा डबा काय सोडत न्हाईत.

त्याच्या म्होरं मला करण्यासारखं काय न्हाई. ढग पांगंपर्यंत मी अंगणातच उभी असते, लेकरू झोपलं तरी काखेतून खाली ठेवत न्हाई.